बर्लिनमध्ये नव्याने राहताना : न उघडलेली पत्रे आणि शेजाऱ्यांची चिठ्ठी

प्रश्न : माझे पती नोकरीनिमित्त बर्लिनमध्ये राहतात. लग्नानंतर काही महिन्यांपूर्वी मीही येथे आले. मला जर्मन भाषा येत नाही. टपालपेटीत सरकारी वाटणारी पत्रे येतात, ती मी भीतीपोटी बाजूला ठेवून देते. त्यांतील एका पत्रात माझ्या नावाने पैशांची मागणी केलेली दिसते. गेल्या रविवारी मी भिंतीत खिळे ठोकत होते, तेव्हा शेजाऱ्यांनी दारावर चिठ्ठी लावली. तेव्हापासून जिन्यात कोणी भेटले तरी मला संकोच वाटतो. येथे रुळायचे तर सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, बर्लिन

उत्तर : सुरुवात त्या बाजूला ठेवलेल्या पत्रांपासून करावी, आणि ती शक्य तर आजच करावी. जर्मनीत सरकारी कार्यालये, आरोग्य विमा आणि घरमालक यांचा बराचसा व्यवहार अजूनही कागदी पत्रांवर चालतो, आणि त्यांतील बहुतेक पत्रांत उत्तरासाठी मुदत दिलेली असते. पत्र वाचले नाही म्हणून मुदत थांबत नाही. पिवळ्या रंगाचे पाकीट आले असेल, तर ते सर्वांत आधी उघडावे. न्यायालये आणि सरकारी कार्यालये असे पाकीट रीतसर बजावणीसाठी पाठवतात, पोस्टमन त्यावर तारीख लिहितो, आणि पाकीट पेटीत टाकले की ते आपल्याला मिळाले असे कायदा मानतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून पत्राचा विषय, मुदत आणि पाठवणाऱ्याचा संदर्भ क्रमांक एवढे समजले, तरी पुढचे पाऊल ठरवता येते.

पैशांची मागणी करणारे पत्र बहुधा प्रसारण शुल्काचे असावे. सार्वजनिक रेडिओ आणि दूरचित्रवाणीसाठी दरमहा 18.36 युरो द्यावे लागतात, आणि घरात टीव्ही नसला तरी ते चुकत नाहीत. मात्र हे शुल्क माणशी नसून घरटी आहे. नव्या रहिवाशाची नोंद पालिकेकडून शुल्क विभागाला कळते, म्हणून त्याच घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही पत्र येते. आपले पती शुल्क भरत असतील, तर त्यांचा शुल्क क्रमांक उत्तरात कळवला की आपल्याला वेगळे काही भरावे लागणार नाही. पत्राकडे दुर्लक्ष केले, तर मात्र थकबाकी साचत जाते आणि वर दंडाची रक्कमही लागते.

आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे टपालपेटीवर आणि घंटीजवळ आपले नाव आहे का. येथील बऱ्याच इमारतींत घरांना क्रमांक नसतात आणि पोस्टमन नाव पाहूनच पत्र टाकतो. लग्नानंतर आपण माहेरचे आडनाव कायम ठेवले असेल आणि पेटीवर केवळ पतींचे आडनाव असेल, तर आपली पत्रे परत जाण्याची शक्यता असते. पारपत्रावर आहे तेच आडनाव तेथे असावे. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरी सुविधा कार्यालयात, पत्त्याची नोंदणी करावी लागते. ती आपण केली असेलच. राहिली असेल, तर घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र घेऊन ती तातडीने करावी, कारण आयुष्यभर लागू राहणारा अकरा अंकी कर क्रमांक याच नोंदणीनंतर टपालाने येतो.

आता शेजाऱ्यांविषयी. ती चिठ्ठी आपल्याविरुद्ध आहे असे कृपया समजू नये. रविवारची शांतता येथे केवळ आवडीनिवडीची बाब नाही. 1919 च्या वायमार राज्यघटनेतील रविवारच्या विश्रांतीचे कलम आजच्या जर्मन राज्यघटनेतही कायम आहे. त्याच कारणाने रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, ड्रिल किंवा हातोडा चालवणे निषिद्ध मानले जाते, आणि काचेच्या बाटल्याही रस्त्यावरच्या पेटीत टाकू नयेत अशी अपेक्षा असते. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंतही शांतता पाळावी लागते. प्रत्येक इमारतीची स्वतःची नियमावली असते. ती घरमालकाकडून मागून घ्यावी, म्हणजे कपडे धुण्याचे यंत्र केव्हा चालवावे आणि कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकावा हेही कळेल. चिठ्ठी लिहून सांगणे ही येथील नेहमीची रीत आहे, आणि माझ्या मते ती मनात राग धरून बसण्यापेक्षा पुष्कळ बरी आहे. नव्याने राहायला आलेल्याने स्वतः शेजाऱ्यांची ओळख करून घ्यावी असा येथे संकेत आहे. म्हणून आपणच एखाद्या संध्याकाळी त्यांच्या दारी जाऊन नाव सांगावे आणि रविवारच्या आवाजाबद्दल दिलगिरी व्यक्त करावी. पाठ केलेली दोन जर्मन वाक्येही त्यासाठी पुरेशी आहेत. संकोच जितका लांबेल तितका तो अवघड होत जातो, त्यामुळे हे काम पुढे ढकलू नये असे मला मनापासून वाटते.

आजारपणाची तयारीही आधीच करून ठेवावी. पतींचा विमा सरकारी योजनेतील असेल आणि आपले उत्पन्न नसेल, तर कौटुंबिक विम्यात आपली नोंद वेगळ्या हप्त्याशिवाय होऊ शकते. घराजवळच्या एखाद्या फॅमिली डॉक्टरांकडे प्रकृती बरी असतानाच नाव नोंदवावे. रात्री किंवा सुटीच्या दिवशी डॉक्टर हवे असतील तर 116117, आणि जिवावर बेतले असेल तर 112 हा क्रमांक फिरवावा.

दिवसभर एकटे राहण्यावर उपाय म्हणून फोक्सहोखशूलेच्या, म्हणजे स्थानिक प्रौढ शिक्षण केंद्राच्या, भाषावर्गात जावे. बर्लिनच्या प्रत्येक प्रभागात असे केंद्र आहे आणि तेथील वर्गात आपल्यासारखीच नव्याने आलेली माणसे भेटतात. पतीपत्नी एकत्र राहण्यासाठी मिळालेल्या निवास परवान्यावर नोकरीचीही मुभा असते, हे अनेकींना ठाऊक नसते. वर्ग सुरू होईपर्यंत आपली पदवी आणि विद्यापीठ यांना जर्मनीत कोणता दर्जा आहे, हे ‘अनाबिन’ या सरकारी सूचीत विनामूल्य पाहून ठेवावे.