घरावर सोलर बसवलं तर खरंच ४० टक्के टॅक्स वाचतो का?

तुम्ही विचारलंय की घरावर ३ किलोवॉट सोलर बसवताय, गावात पिठाची गिरणीही आहे, आणि विक्रेता म्हणतो ४० टक्के टॅक्स वाचेल. घरापुरतं उत्तर: नाही.

मी साताऱ्यात छोट्या व्यावसायिकांची रिटर्न्स भरतो. हा ४० टक्क्यांचा घोळ बऱ्याच जणांचा होतो आणि त्यात त्यांचं बजेट कोसळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राहत्या घरावरच्या पॅनेलला आयकरात वजावट नाही. तिथे मिळतं ते अनुदान. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना ३०-३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे तुम्हाला ७८ हजार. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) लागल्यावर ते थेट खात्यात जमा होतं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. कोटेशन त्याआधीचं असेल तर नवं मागून घ्या.

विक्रेता सांगतोय तो ४० टक्के म्हणजे घसारा (यंत्राची किंमत दरवर्षी घटते म्हणून नफ्यातून मिळणारी वजावट), आणि तो धंद्याला मिळतो. समजा गिरणीसाठी १० लाखांचं सोलर घेतलं. पहिल्या वर्षी ४ लाख नफ्यातून वजा होतील. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचलेला कर साधारण ८० हजार, ४ लाख नव्हे! दुसऱ्या वर्षी उरलेल्या ६ लाखांवर पुन्हा ४० टक्के. पहिल्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला, तर त्या वर्षी घसारा निम्माच. त्यामुळे दिवाळीनंतर बसवणार असाल तर हा हिशोब आधी करा.

आमच्याकडे वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या काळात त्यांच्यावरचा घसारा आधी १०० आणि पुढे ८० टक्के होता. सवलत यंत्र उभारण्यावर होती, वीज किती निघाली त्यावर नाही. म्हणूनच २००९ मध्ये केंद्रानं युनिटमागे ५० पैसे देणारी योजना आणली. मला तीच पद्धत जास्त रास्त वाटते. तुम्हीही आधी गिरणीचं वर्षाचं वीजबिल मांडा. त्यात खर्च निघत असेल तरच घ्या.

आणि एक विचारायचं राहिलं: तुम्ही रिटर्न उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून भरता का? तसं असेल तर घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. बहुतेक गिरणीवाले असंच भरतात.