अकॅडेमिक अॅडव्हायझर नक्की काय करतो आणि त्याला भेटायला जाताना काय तयारी करायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा की पहिलं सेमिस्टर संपत आलंय, पोर्टलवर अॅडव्हायझिंग होल्ड दिसतोय, अॅडव्हायझरला भेटल्याशिवाय पुढच्या टर्मचं रजिस्ट्रेशन होणार नाही असं लिहिलंय आणि तिथे जाऊन बोलायचं काय हेच कळत नाहीये. मी बरीच वर्षं डिपार्टमेंटमध्ये शिकवतेय आणि सोबत विद्यार्थ्यांची अॅडव्हायझर म्हणूनही काम बघते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हे कसं दिसतं ते सांगते.

आधी होल्डचं बघू. घाबरू नका, ती काही शिक्षा नाही. निदान एकदा तरी समोरासमोर बोलणं व्हावं म्हणून सिस्टिमने घातलेली अट आहे, भेट झाली की आम्ही तो काढतो. पण होल्ड निघाला म्हणजे रजिस्ट्रेशन झालं असं नाही हं, ते तुमचं तुम्हालाच करावं लागतं आणि दर टर्मला कोणीतरी याच समजुतीत बसून राहतं तोवर सीट्स भरून जातात. म्हणून रजिस्ट्रेशन उघडायच्या दोन-तीन आठवडे आधीच अपॉइंटमेंट घ्या. शेवटच्या आठवड्यात बाहेर रांग असते, आणि मग इच्छा असूनही दहा मिनिटांपलीकडे वेळ देता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. बहुतेकांना वाटतं अॅडव्हायझर कुठले कोर्स घ्यायचे ते सांगतो. अहो, ती यादी तर कॅटलॉगमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कोर्स आणि नियमांच्या पुस्तिकेत असतेच, कोणीही वाचू शकतं. खरी अडचण असते ती क्रमाची, म्हणजे कुठला विषय कशाच्या आधी झाला पाहिजे, कुठला कोर्स वर्षातून एकदाच चालतो आणि तो हुकला तर पुढचं काय काय अडकतं. एक उदाहरण देते. इंजिनियरिंगची एक मुलगी तिसऱ्या सेमिस्टरला माझ्याकडे आली, सगळे विषय पास, जीपीए (ग्रेडची सरासरी) चांगला, तिच्या मते फक्त सही हवी होती. मी कोऱ्या कागदावर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपासून उलटं लिहीत आले. प्रोजेक्टच्या आधी डिझाइनचा कोर्स, त्याच्या आधी मेकॅनिक्स, मेकॅनिक्सला प्रीरिक्विझिट, म्हणजे आधी पास व्हायलाच हवेत असे विषय, फिजिक्स आणि कॅल्क्युलस. फिजिक्स तिने पहिल्याच टर्मला 'नंतर करू' म्हणून सोडलं होतं कारण लेक्चरची वेळ सोयीची नव्हती, आणि मेकॅनिक्स वर्षातून एकाच टर्मला चालायचं. म्हणजे एक कोर्स पुढे ढकलला आणि डिग्री अख्खं वर्ष लांबली असती. ती गप्पच झाली. मग आम्ही फिजिक्स सुट्टीतल्या टर्मला बसवलं आणि गाडी रुळावर आली. हेच जर ती शेवटच्या वर्षाला आली असती तर माझ्या हातात काहीही उरलं नसतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की प्लॅन शेवटाकडून मागे करत या, चालू टर्मपासून पुढे नको.

दुसरा घोळ क्रेडिटच्या, म्हणजे प्रत्येक कोर्सला त्याच्या कामाप्रमाणे दिलेल्या एककांच्या हिशोबाचा. अमेरिकेत बॅचलर डिग्रीला साधारण १२० क्रेडिट लागतात आणि सेमिस्टरला १२ घेतले की तुम्ही फुलटाइम धरले जाता. मुलं म्हणतात, मी फुलटाइम आहे म्हणजे चार वर्षांत होणारच. पण १२ गुणिले ८ म्हणजे ९६, उरलेले २४ कुठून आणणार? चार वर्षांत संपवायचं तर सरासरी १५ पाहिजेत. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, त्यात लेक्चर, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं आलं. तुमच्याकडे जी पद्धत असेल ती असो, हा भागाकार पहिल्याच टर्मला करून बघा आणि सोबत नोकरी करत असाल तर तासही मोजा. दुसरीकडून क्रेडिट ट्रान्सफर करून आणले असतील तर 'स्वीकारले' एवढ्यावर खूश होऊ नका, ते मेजरमध्ये (तुमच्या मुख्य विषयात) धरलेत की नुसते इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक विषयांत) टाकलेत ते विचारा. इलेक्टिव्हमध्ये गेले असतील तर तो विषय पुन्हा करावा लागू शकतो, आणि जुन्या कोर्सचा सविस्तर सिलॅबस हातात असेल तर डिपार्टमेंट फेरविचार करायची शक्यता बरीच वाढते.

हे पद मुळात आलंच का, तर विद्यार्थ्यांना निवड मिळाली म्हणून. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे प्रेसिडेंट झाले आणि त्यांनी ठरावीक अभ्यासक्रमाऐवजी विषय निवडायची मोकळीक वाढवत नेली, मग निवडायला मदत करणारं माणूस लागणारच ना. पुढे १९७२ मध्ये बर्न्स क्रूकस्टन या अमेरिकन प्राध्यापकांनी मांडलं की सल्ला देणं हेही शिकवणंच आहे, विद्यार्थ्याला स्वतः निर्णय घेता आला पाहिजे. मला हे मनापासून पटतं. त्यामुळे 'मॅडम तुम्हीच सांगा काय घेऊ' म्हटलं की मी उलटा प्रश्न विचारते, तुम्हाला या टर्मला कुठल्या विषयाचा अभ्यास करताना वेळेचं भान राहिलं नाही? उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं.

अॅडव्हायझरच्या हातात काय नसतं तेही माहीत असू द्या. आम्ही मार्क बदलू शकत नाही, भरलेल्या वर्गात सीट देऊ शकत नाही, आणि एखादी अट माफ करायची तर सहसा डिपार्टमेंट किंवा कमिटीकडे अर्ज करावा लागतो, आम्ही फार तर शिफारस करतो. पण कुठला फॉर्म, कोणाकडे, कुठल्या तारखेपर्यंत हे आम्हाला माहीत असतं आणि ते लवकर कळणं फार मोलाचं आहे.

विशेषतः एखादा विषय अजिबात झेपत नसेल तेव्हा. सुरुवातीच्या मुदतीत ड्रॉप केला तर तो साधारणपणे ट्रान्सक्रिप्टवर दिसतच नाही, नंतर विथड्रॉ केला तर बऱ्याच ठिकाणी ग्रेडच्या जागी डब्ल्यू (विथड्रॉची खूण) लागतो पण जीपीएला धक्का लागत नाही, आणि दोन्ही तारखा गेल्या की मग जो ग्रेड येईल तो घ्यायचा. पण ड्रॉप करायच्या आधी स्कॉलरशिप आणि व्हिसाला किमान क्रेडिट किती लागतात ते तपासा, कारण एक विषय सोडल्याने फुलटाइमच्या खाली गेलात तर ते प्रकरण त्या विषयापेक्षा जड जातं. प्रोबेशनची, म्हणजे ग्रेड फार खाली गेल्याच्या इशाऱ्याची नोटीस आली तरी लपवून बसू नका, लगेच या. जी मुलं लाजेने टर्मभर येत नाहीत त्यांच्यासाठी मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण आधी आली असती तर बऱ्याच वाटा उघड्या होत्या.

तर तयारी अशी करा. पोर्टलवरून डिग्री ऑडिट काढा, काय झालं काय राहिलं ते त्यात दिसतं. तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतला त्याच वर्षाचं कॅटलॉग बघा, कारण सहसा तुम्हाला त्याचेच नियम लागू असतात, सीनियरचा प्लॅन जसाच्या तसा उचलू नका. पुढच्या दोन टर्मचा कच्चा आराखडा आणि प्रत्येक कोर्सला एक पर्यायी कोर्स लिहून न्या. पैशाची अडचण, घरची जबाबदारी, तब्येत, जे काही आहे ते मोकळेपणाने सांगा, माहीतच नसेल तर आम्ही आराखडा चुकीच्या माणसासाठी करून बसतो. भेट झाल्यावर त्याच दिवशी काय ठरलं ते चार ओळींत मेल करा, अॅडव्हायझर मध्येच बदलतात आणि नव्या माणसाला ती मेल दाखवता येते.

आणि तुमचा अॅडव्हायझर वेळच देत नसेल किंवा नुसतं होल्ड काढून परत पाठवत असेल, तर डिपार्टमेंटच्या ऑफिसमध्ये जाऊन दुसरा मागता येतो का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी देतात, त्यात कोणाचा अपमान वगैरे होत नाही.

तुमचं मेजर कुठलं ते कमेंटमध्ये लिहा, कुठला कोर्स आधी लावावा ते बघून सांगते.