सिंगापूरच्या तोफा खरंच चुकीच्या दिशेला बसवल्या होत्या का?

तुमचा प्रश्न असा, की दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या तोफा समुद्राकडे रोखलेल्या होत्या, जपानी मागच्या बाजूने जमिनीवरून आले आणि तोफा वळवता न आल्यामुळे इंग्रज हरले, हे खरं का.

तोफा समुद्राकडे रोखलेल्या होत्या, हे खरं. वळवता येत नव्हत्या, हे बहुतांशी खोटं. आणि त्यामुळे इंग्रज हरले, हे तर साफ खोटं.

मी बरीच वर्षं सिंगापुरात राहतो. पुण्याहून पाहुणे आले की सेंटोसा बेटाची फेरी ठरलेली, आणि तिथल्या फोर्ट सिलोसोत तोफेच्या नळीवर हात ठेवून कोणी ना कोणी मामा-काका म्हणतातच, "उलट्या बसवल्या होत्या म्हणे!" त्यामुळे हे उत्तर मला जवळजवळ पाठ आहे.

आधी तोफा कशासाठी होत्या ते बघा. बेटाच्या उत्तरेला सेंबावांगला इंग्रजांनी मोठा नाविक तळ बांधला, 1938 साली तो सुरू झाला. युद्ध पेटलं तर विलायतेहून आरमार येईपर्यंत हा तळ टिकला पाहिजे, म्हणून किनाऱ्यावर तोफा. सगळ्यात मोठ्या 15 इंची, एकूण पाच. तीन पूर्वेला चांगीला आणि दोन पश्चिमेकडे बुओना व्हिस्टाला. चांगीच्या मोर्चाला जोहोर बॅटरी म्हणतात. जोहोर या शेजारच्या मलायी संस्थानाच्या सुलतानाने इंग्लंडचा राजा पंचम जॉर्जच्या 1935 च्या रौप्यमहोत्सवानिमित्त पाच लाख पौंड दिले होते, म्हणून हे नाव. 15 इंच हा नळीच्या तोंडाचा व्यास. एकेक गोळा 800 किलोच्या वर, म्हणजे जवळजवळ एक मारुती कार, आणि पल्ला 30 किलोमीटरच्या पुढे. शिवाय 9.2 आणि 6 इंची तोफा ठिकठिकाणी होत्या. सिलोसोवर दिसतात त्या लहान भावंडांपैकी.

आता फेब्रुवारी 1942. जपानी डिसेंबरात मलायाच्या (म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पाच्या) ईशान्य किनाऱ्यावर कोटा बारूला उतरले आणि दोन महिन्यांत अख्खा मलाया उतरून सिंगापूर आणि मलाया यांच्यामधल्या जोहोरच्या सामुद्रधुनीपाशी आले. 8 फेब्रुवारीच्या रात्री त्यांनी बेटाच्या वायव्येकडून सामुद्रधुनी ओलांडली. त्या लढाईत चांगीच्या तीनपैकी दोन तोफा वळल्या आणि त्यांनी सामुद्रधुनीपलीकडचं जोहोर बाहरू, बेटावरचं तेंगाह या बाजूंना गोळे टाकले. बुओना व्हिस्टाच्या दोन मात्र त्या बाजूला वळू शकत नव्हत्या. अफवेत खरा अंश एवढाच.

मग उपयोग का झाला नाही? खरी गोम गोळ्यांत आहे. या तोफांचे गोळे चिलखतभेदी होते. युद्धनौकेचं जाड पोलाद फोडून आत शिरायचं आणि मग फुटायचं, असा त्यांचा हिशेब. तोच गोळा रबराच्या मळ्यातल्या मऊ जमिनीवर पडला की आधी खोल रुततो आणि मग फुटतो. मातीचा कारंजा उडतो, खड्डा पडतो, पण विखरून बसलेल्या पायदळाला त्याची झळ फारशी लागत नाही. माणसांवर चालतात ते आदळताक्षणी फुटणारे गोळे. ते 15 इंचीसाठी नव्हतेच, 9.2 इंचीसाठी होते तेही मोजकेच. दुसरी अडचण डोळ्यांची. समुद्रावर जहाज दिसतं, गोळा कुठे पडला ते पाण्याच्या उसळीवरून कळतं आणि पुढचा नेम सुधारता येतो. झाडीत कोण सांगणार?

15 फेब्रुवारीला इंग्रजांचा सेनापती पर्सिव्हलने बुकित तिमाहच्या फोर्ड कारखान्यात जपानी सेनापती यामाशितापुढे शरणागती पत्करली. त्याच्या आधीच चांगीच्या तोफा इंग्रजांनी स्वतःच सुरुंग लावून निकामी केल्या होत्या.

माझं मत विचाराल तर तोफांनी त्यांचं काम केलं. जपान्यांनी समुद्राकडून थेट सिंगापूरवर चाल केली नाही, यात त्यांचा वाटा होताच. शत्रू मलायातून खाली येऊ शकतो हे 1937 सालीच मलायातला तेव्हाचा इंग्रज सेनापती जनरल डॉबीने लिहून दिलं होतं, आणि तेव्हा त्याच्या हाताखाली कामाला होता हाच पर्सिव्हल! तरी उत्तर किनाऱ्यावर धड मोर्चेबंदी नव्हती आणि विमानं अपुरी होती. चर्चिलने नंतर लिहिलं, की सिंगापूरला जमिनीच्या बाजूने संरक्षण नसेल हे, बूडच नसलेली युद्धनौका पाण्यात सोडावी तसं, आपल्या मनातही आलं नव्हतं. एवढं सगळं कबूल करण्यापेक्षा 'तोफा उलट्या होत्या' म्हणणं सोपं. तोफ काही उलट बोलत नाही.

जोहोर बॅटरी नंतर लोक विसरलेच. 1991 साली तिथल्या तुरुंग खात्याला जमिनीखालचे बोगदे सापडले, तीन मजली, दारूगोळा ठेवायचे. 2002 पासून जागा लोकांसाठी खुली झाली. मी गेलो तेव्हा वर तोफेची प्रतिकृती उभी होती, खाली उतरू देत नव्हते, आणि दर दोन-चार मिनिटांनी चांगी विमानतळाचं एखादं विमान डोक्यावरून जात होतं. जायचं असेल तर आधी चौकशी करा, आणि भर दुपारी जाऊ नका.