लिनक्सवरील उपकरणांचे परीक्षण लिहिताना
वितरणाचे (म्हणजे उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचाचे) नाव आणि कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती आधी नोंदवा, कारण उबुंटू २४.०४ सुरुवातीला ज्या ६.८ कर्नलसह आले, त्यावर न चालणारे वाय-फाय कार्ड पुढच्या एखाद्या कर्नलवर विनातक्रार चालू शकते, आणि हा तपशील नसेल तर ‘चालत नाही’ या शेऱ्याला फारसा अर्थ उरत नाही. मॉडेलच्या नावावर विसंबू नका. त्याच नावाखाली आतली चिप बदललेली असू शकते, म्हणून ‘एलएसयूएसबी’ (lsusb) किंवा ‘एलएसपीसीआय’ (lspci) या जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने दिसणारा ओळखक्रमांक जसाच्या तसा द्यावा. लॅपटॉप असेल तर तो निद्रावस्थेत घालून पुन्हा जागा करून पाहा, तेही एकदाच नव्हे (माझे पहिले परीक्षण याच आळसामुळे फसले होते). सॉफ्टवेअर फ्लॅटपॅकमधून (वेगवेगळ्या वितरणांवर चालणाऱ्या सामायिक पॅकेजमधून) घेतले की वितरणाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर-भांडारातून, एवढे सांगितले तरी पुरे.