'कॅच-२२' म्हणजे 'इकडे आड, तिकडे विहीर' का?

नाही, पण गल्लत तुमची एकट्याची नाही. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. आड आणि विहीर असली तर निदान कशात पडायचं ते तरी आपल्या हातात असतं. कॅच-२२मध्ये सुटकेचा नियम असतो, पण तो वापरायला गेलं की लागूच होत नाही.

माझंच सांगतो. जुना मोबाइल नंबर बंद पडला म्हणून नवा द्यायला बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, आधी जुन्या नंबरवर आलेला ओटीपी सांगा."

"तो बंद आहे, म्हणूनच तर आलोय."

"हो सर, पण ओटीपी टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही."

'कॅच-२२' हा शब्द अमेरिकन लेखक जोसेफ हेलरचा. दुसऱ्या महायुद्धात तो कॉर्सिका बेटावरून बॉम्बफेकी विमानातून ६० मोहिमांवर गेला होता. त्याच्या १९६१च्या 'कॅच-२२' कादंबरीतल्या योसारियनला जिवंत घरी जायचंय, आणि घरी जायला लागणाऱ्या मोहिमांचा आकडा कर्नल सारखा वाढवतोय. डॉक्टर म्हणतो, वेड्याला उड्डाणातून सोडता येतं, फक्त त्यानं तसं मागायला हवं. आणि मागितलं की? जिवाला घाबरतोय म्हणजे शहाणाच आहे, बसा विमानात!

'कॅच' म्हणजे इथे मेख. २२ला मात्र काही अर्थ नाही. १९५५मध्ये पहिलं प्रकरण छापून आलं ते 'कॅच-१८' नावानं. पण लिऑन यूरिसची 'मिला १८' ही कादंबरी त्याच सुमारास येत होती, म्हणून आकडा बदलला.

मराठीत याच्या सगळ्यात जवळ जाणारी म्हण: लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. दोन्हीकडे वेडच आहे बघा! फरक एवढाच की आपल्या म्हणीत कुणाचा डाव नाही, बिचाऱ्याचं नशीब. हेलरची मेख मात्र कुणातरी साहेबाच्या सोयीची असते. कादंबरीत पुढे रोममधल्या एका घरातल्या मुलींना शिपाई हाकलून देतात. मागे उरलेली म्हातारी म्हणते, त्यांनी कॅच-२२ सांगितलं. योसारियन विचारतो, तो कायदा दाखवला का त्यांनी? ती म्हणते, दाखवायची गरज नाही, तसा कायदाच आहे. कुठला कायदा? कॅच-२२.