सुपरहिरोच्या पुढच्या भागात व्हिलन कोण असणार, हे चाहते आधीच कसं ओळखतात? की सगळे तुक्केच असतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ‘द बॅटमॅन’च्या दुसऱ्या भागासाठी रोज नवं नाव वाचून कंटाळा आलाय, आणि शंभर नावं फेकली की एखादं लागणारच, त्यात डोकं कसलं आलंय. कंटाळ्याचं मान्य. दुसरं अजिबात मान्य नाही. हेच वाक्य आमच्या कंपूतला एक जण २०१२पासून ऐकवतोय, टालिया अल गूलच्या बाबतीत. २०११च्या बातम्या तारखेप्रमाणे लावून बघण्याचे कष्ट मात्र त्याने कधी घेतले नाहीत. म्हणून इथे ते काम करून ठेवतो. ‘द डार्क नाइट राइझेस’ अजून पाहिला नसेल तर वाचू नका. इतक्या वर्षांनी स्पॉयलरची तक्रार ऐकून घेणार नाही. त्यात मारियों कोतियारची मिरांडा टेट शेवटी टालिया, म्हणजे जुना व्हिलन रा’ज अल गूलची मुलगी निघते, आणि हे चाहत्यांनी आधीच ओळखलं होतं.

आधी खरेखुरे तुक्के. जुलै २००८मध्ये ‘द डार्क नाइट’ आला. हीथ लेजर जानेवारीतच गेला होता, त्यामुळे जोकरचा विषय संपला होता. त्यातला दुसरा व्हिलन हार्वी डेंट खरंच मेला का, यावर थोडे दिवस काथ्याकूट झाला. मग नावं सुरू झाली: जॉनी डेप रिडलर, फिलिप सीमोर हॉफमन पेंग्विन, अँजेलिना जोली कॅटवुमन. एका ब्रिटिश वर्तमानपत्राने तर एडी मर्फी रिडलर म्हणून छापलं. बॅटमॅनचा बटलर आल्फ्रेड झालेल्या मायकल केननेसुद्धा त्याच सप्टेंबरमध्ये टोरांटोला मुलाखतीत सांगून टाकलं की डेप आणि हॉफमनचं नक्की झालंय, स्टुडिओतल्या माणसानेच सांगितलं. यातलं काहीही झालं नाही. होणार कसं? पटकथाच नव्हती! दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन तेव्हा ‘इन्सेप्शन’च्या मागे होता, जो २०१०च्या जुलैत आला. कॉमिक्समधला शिल्लक मोठा व्हिलन घ्यायचा आणि त्या वर्षी गाजणारा नट त्याला चिकटवायचा, एवढीच या अंदाजांची पद्धत. इथपर्यंत तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

खरा अंदाज सुरू होतो ऑक्टोबर २०१०मध्ये. टॉम हार्डीला घेतल्याची बातमी आली, भूमिका गुलदस्त्यात. त्याच महिन्यात नोलनने ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ला चित्रपटाचं नाव सांगितलं आणि रिडलर नसणार हेही सांगितलं. इथे एक गोष्ट शिकून घ्या. शूटिंगच्या आधी, दिग्दर्शकाने स्वतःच्या नावानिशी, विशिष्ट पात्राचं नाव घेऊन दिलेला नकार बहुतेक वेळा खरा असतो. शूटिंग झाल्यावर नटाने दिलेला नकार कवडीमोलाचा. गुप्ततेच्या करारावर सही केलेला माणूस दुसरं काय म्हणणार? जुना स्पायडरमॅन अँड्र्यू गारफिल्ड २०२१चं अख्खं वर्ष ‘मी नाही, मी नाही’ करत फिरला आणि डिसेंबरात ‘स्पायडरमॅन: नो वे होम’मध्ये पडद्यावर हजर झाला.

१९ जानेवारी २०११ला वॉर्नर स्टुडिओने जाहीर केलं: हार्डी म्हणजे बेन हा व्हिलन, अॅन हॅथवे म्हणजे सेलिना काइल, अर्थात कॅटवुमन. बहुतेकांनी १९९३ची कॉमिक्स काढली. बेन त्याच वर्षी जन्माला आला आणि त्याच वर्षी त्याने बॅटमॅनची पाठ मोडली. म्हणजे पाठ मोडणार, झाला अंदाज! पण ज्यांनी पुढचीही वाचली होती त्यांना १९९६चं कथानक आठवलं. त्यात बेन रा’ज अल गूलला जाऊन मिळतो आणि रा’ज त्याच्याकडे वारस आणि टालियासाठी स्थळ म्हणून बघतो. आणि रा’ज कोण? २००५च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’चा व्हिलन. तीन भागांची मालिका बंद करणारा दिग्दर्शक पहिल्या भागाकडे वळतो, हे सांगायला कॉमिक्सही वाचावी लागत नाहीत.

मग एप्रिलमध्ये मारियों कोतियार आणि जोसेफ गॉर्डन-लेव्हिट. कोतियारचं पात्र मिरांडा टेट: वेन कंपनीच्या संचालक मंडळावरची बाई, दुःखात बुडालेल्या ब्रूस वेनला (म्हणजे बॅटमॅनला) वडिलांचं समाजकार्य पुन्हा सुरू करायला मदत करू इच्छिणारी. हे जाहीर झालेलं वर्णन. आता विचार करा. तीन वर्षांपूर्वी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळवलेली बाई मीटिंगमध्ये बसून मान हलवायला आणली का? मिरांडा टेट हे नाव कॉमिक्समध्ये नाही. गॉर्डन, लुशियस फॉक्स, बेन, सेलिना, सगळे तिथून आलेले आणि एवढ्या मोठ्या नटीला मात्र कोरं करकरीत नाव. गॉर्डन-लेव्हिटच्या जॉन ब्लेकचंही तेच. दोन नवी नावं, आणि दोन्हींखाली काहीतरी झाकलेलं निघालं.

त्याच उन्हाळ्यात जॉश पेन्सला तरुण रा’ज म्हणून घेतल्याचं बाहेर आलं. पहिल्या भागात मेलेल्या माणसाचं तरुणपण तिसऱ्या भागात कशाला दाखवायचं? तरुणपण दाखवतात ते लग्न किंवा मूल दाखवायला. माझ्या मते सगळ्यात वजनदार पुरावा हाच होता, आणि ‘तुक्का, तुक्का’ करणारे नेमका हाच विसरतात.

आणि राजस्थान. मे २०११मध्ये शूटिंगची सुरुवात आपल्याकडे झाली, जोधपूरचा मेहरानगड चित्रपटात स्पष्ट दिसतो. आपली मंडळी बॅटमॅन भारतात आला यातच खूश. खरं म्हणजे विचारायचं होतं, गॉथम या बॅटमॅनच्या शहराच्या गोष्टीला वाळवंट कशाला? कॉमिक्समधला बेन वाढला तो कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरच्या तुरुंगात. कॅरिबियन दाखवायला कोणी राजस्थानात येत नाही. तुरुंग वाळवंटात हलवला म्हणजे बेनची पूर्वकथा रा’जच्या मुलखाकडे सरकवली, कारण कॉमिक्समधल्या रा’जचं मूळ वाळवंटातच आहे. हे सगळे धागे चित्रपट यायच्या वर्षभर आधी उघड्यावर पडलेले होते. मग कोतियारने मुलाखतीत टालिया असल्याचं नाकारलं म्हणून काय बिघडलं?

तेव्हा पद्धत आहे, आणि ती अशी चालते.

सुरुवात हक्कांपासून करा. पात्र कोणत्या कंपनीकडे आहे हे न बघता केलेला अंदाज म्हणजे वेळ घालवणं. मार्व्हल कॉमिक्समधला व्हिलन डॉक्टर डूम आणि फँटॅस्टिक फोर यांचे चित्रपट-हक्क फॉक्स स्टुडिओकडे होते. मार्च २०१९मध्ये डिस्नेने फॉक्स विकत घेतल्यावर ते मार्व्हल स्टुडिओजच्या हातात आले. त्याआधीच्या प्रत्येक ‘अॅव्हेंजर्स’च्या वेळी ‘शेवटी डूम येणार’ म्हणणारे लोक होते. उलट ‘नो वे होम’च्या वेळी हक्कांचा विचार केलेल्यांना फायदा झाला. जुने दोन्ही स्पायडरमॅन सोनीचेच, म्हणून जुने व्हिलन आणायला सोनीला दुसऱ्या कोणाच्या दारात जायची गरज नव्हती.

मग दिग्दर्शकाची नेहमीची माणसं बघा. हार्डी, कोतियार आणि गॉर्डन-लेव्हिट तिघंही ‘इन्सेप्शन’मधले. मॅट रीव्झने माकडांच्या दोन चित्रपटांत अँडी सर्किसबरोबर काम केलं आणि ‘द बॅटमॅन’मध्ये त्यालाच आल्फ्रेड केलं. दिग्दर्शकाला माहितीतला नट हवा असतो. चाहत्यांना हवा असतो चेहरा जुळणारा नट. दोघांची गाठ क्वचितच पडते.

शूटिंगवर लक्ष ठेवायचं तर खोटं नाव माहीत पाहिजे. ‘द डार्क नाइट’ परवानग्यांच्या कागदावर ‘रोरीज फर्स्ट किस’ होता, ‘राइझेस’ होता ‘मॅग्नस रेक्स’. रस्ता बंद करायचा तर शहराला आधी कळवावं लागतं आणि गर्दी हवी तर माणसं जाहिरात देऊनच गोळा होतात. पिट्सबर्गमध्ये २०११च्या उन्हाळ्यात भर दिवसा, रस्त्यावर, शेकडो माणसांच्या गर्दीत बॅटमॅन आणि बेन मारामारी करत होते आणि फोटो सगळीकडे होते. रात्रीचा बॅटमॅन दिवसा लढतोय यावरूनच शहर उघड युद्धात गेलंय हे कळत होतं. अडचण अशी की फोटोतून काय घडतंय ते कळतं, का घडतंय ते नाही. आठवडाभर चाललेलं शूटिंग पडद्यावर काही मिनिटांत संपतं, हे लोक विसरतात आणि त्या एका गल्लीवर अख्खी कथा रचतात.

खेळण्यांवरून अंदाज बांधणाऱ्यांनी जपून. खेळणी बनवायला वेळ लागतो, म्हणून कंपन्यांना चित्रं लवकर द्यावी लागतात आणि ती आधीच्या खर्ड्यावरची असू शकतात. पोशाखाचा रंग बहुधा बरोबर येतो. डब्यावरचं वाहन चित्रपटात दिसेलच असं नाही, आणि डब्यावरचं ‘अमुक विरुद्ध तमुक’ तर पूर्णपणे विक्री विभागाचं डोकं.

नटनिवडीबद्दल तुम्ही विचारलंय की लोक आधीच एवढे का चिडतात. चिडू देत. चिडण्याचा आणि निकालाचा काही संबंध नाही. १९८८मध्ये मायकल कीटनला बॅटमॅन म्हणून घेतलं तेव्हा वॉर्नरकडे निषेधाच्या पत्रांचा ढीग पडला. २००६मध्ये लेजरला जोकर म्हणून घेतलं तेव्हा हसले, २०११मध्ये हॅथवेला नाकं मुरडली, २०१९मध्ये ‘द बॅटमॅन’च्या रॉबर्ट पॅटिन्सनला चमकणारा व्हॅम्पायर म्हणून हिणवलं. जो माणूस नटाच्या जुन्या भूमिकेवरून ‘हा शोभत नाही’ म्हणतो, त्याचं मत मी वाचतसुद्धा नाही. आंबा बघून लोणच्याची चव सांगण्यातला प्रकार आहे तो.

आता ही पद्धत कुठे आपटते तेही सांगायला हवं, नाहीतर आमचे मित्र खाली येऊन सांगतील. ‘आयर्न मॅन ३’मध्ये बेन किंग्सली मँडरिन हा व्हिलन होणार हे सगळ्यांनी बरोबर ओळखलं. २०१३मध्ये बघितलं तर तो भाडोत्री नट निघाला आणि सूत्रधार गाय पिअर्सचा किलियन. नाव बरोबर, माणूस चूक. दिग्दर्शकाने चाहत्यांचा अंदाज हेच आमिष म्हणून वापरलं तर तुमचं वाचन काही कामाचं नाही. आणि कधी स्टुडिओलाच माहीत नसतं. मार्व्हलने कँग या व्हिलनच्या नावाचा ‘अॅव्हेंजर्स’ जाहीर केला होता, डिसेंबर २०२३मध्ये कँग करणाऱ्या जोनाथन मेजर्सला खटल्यात दोषी ठरवल्यावर काढून टाकलं आणि जुलै २०२४मध्ये त्याच जागी रॉबर्ट डाउनी ज्युनियर डॉक्टर डूम म्हणून उभा केला. कंपनीची स्वतःची घोषणा जिथे टिकली नाही तिथे चाहत्यांना हसण्यात अर्थ नाही.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. ‘द बॅटमॅन’च्या दुसऱ्या भागाची तारीख आधी ३ ऑक्टोबर २०२५ होती, मग २ ऑक्टोबर २०२६, मग १ ऑक्टोबर २०२७ दिली. एवढ्या लांबलेल्या चित्रपटाबद्दल अफवा वाढणारच. मिस्टर फ्रीझ मी बाद धरतो. रीव्झने सांगितलंय की हा व्हिलन यापूर्वी चित्रपटात खऱ्या अर्थाने आलेला नाही, आणि फ्रीझ १९९७मध्ये श्वार्झनेगरने केलाय. क्लेफेसचा स्वतंत्र चित्रपट जाहीर झालाय आणि तोही वेगळ्या विश्वात, म्हणून तोही नाही. जोकर म्हणून बॅरी कियोगनचा एक प्रसंग पहिल्या भागात झालाय, पण तो मुख्य असेल असं धरू नका.

उरतात हश आणि कोर्ट ऑफ आऊल्स, म्हणजे कॉमिक्समधली गॉथमवर छुपी सत्ता चालवणारी टोळी. माझं मत हशकडे. पहिल्या भागात ब्रूसचे वडील थॉमस वेन यांच्या भानगडीत मारला गेलेला पत्रकार आठवतो? त्याचं नाव एडवर्ड एलियट, आणि त्याच्याबद्दलच्या रिडलरच्या व्हिडिओत ‘हश’ हा शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतो. कॉमिक्समधला हश म्हणजे टॉमी एलियट, ब्रूसचा लहानपणचा मित्र, मोठेपणी शल्यविशारद. ते आडनाव पटकथेत आपोआप पडलं नसणार. आता हे बरोबरच निघेल असं नाही. रीव्झने तो धागा फक्त वाचकांना डोळा मारायला ठेवला असेल, किंवा किंग्सलीसारखं आमिष असेल.

सेटवरचे फोटो बघायला लागलात की मुखवटे आणि गाड्या सोडा, भिंतीवरच्या पाट्या वाचा. दुकान, निवडणुकीचं पोस्टर, वर्तमानपत्राचा मथळा, इस्पितळाच्या दारावरची देणगीदारांची नावं: कला विभागाने रंगवलेलं अक्षर बरेचदा पटकथेशी पडताळून घेतलेलं असतं. त्यात कुठे डॉक्टर एलियट दिसला तर या उत्तराखाली फोटो टाका, आमच्या कंपूतल्या एकाला पाठवायचाय.