मिक्सरची फाइल मध्येच तुटली, फोनची जोडता येईल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या क्लासची गुरुपौर्णिमा पंचवटीतल्या एका सभागृहात झाली. साउंडवाल्याने मिक्सरमधून पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंग दिलं. पण मारुबिहागच्या मध्यलयीत ऐन रंगात आलेली सहाएक मिनिटं त्यात नाहीतच. पुतण्याने आठव्या रांगेतून फोनवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइल एकाखाली एक ठेवल्या. सुरुवातीला जुळतात, पुढे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आणि फोनचा तुकडा लागला की गाणं एकदम विहिरीतून आल्यासारखं वाटतं. एका फाइलचा सॅम्पल रेट (आवाजाचे दर सेकंदाला घेतलेले नमुने) ४४,१०० आणि दुसरीचा ४८,००० आहे, म्हणून असं होतं का? शिवाय मागच्या वर्षी याच बंदिशीत गुरुजींनी घेतलेली एक तान जास्त चांगली आहे. ती इथे बसवू का?
– एक हार्मोनियमवादक, पंचवटी

उत्तर : काका, ४४,१०० आणि ४८,०००चा मेळ ऑडॅसिटी स्वतःच घालते, तिथे काही बिघडलेलं नाही. खरं कारण घड्याळाचं आहे. फोन आणि मिक्सर, दोघांच्या पोटात आपापलं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत चालत नाहीत. लाखात पाच भागांचा फरक असला तरी तासाभरात १८० मिलिसेकंद साठतात, आणि तेवढ्यात शब्द दोनदा ऐकू येतो. अख्खी फाइल ताणत बसू नका. दोन रचनांच्या मध्ये जिथे टाळ्या किंवा बोलणं आहे तिथे फोनची फाइल कापा आणि प्रत्येक रचना स्वतंत्र जुळवा. मिक्सरची फाइल तुटल्यानंतरचा भागही वेगळा तुकडा समजूनच जुळवायचा.

जुळवायला गळा घेऊ नका, तबला घ्या. स्वर हळूच सुरू होतो, त्याची कड सापडत नाही. तबल्याचा ‘ना’ मात्र पडद्यावर सरळ उभा दिसतो. भरपूर झूम करा आणि दोन्ही ट्रॅकवरचा तोच ‘ना’ एका रेषेत आणा. फोनवर तो उशिरा येणारच, कारण आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. आठवी रांग स्पीकरपासून १२ मीटरवर असेल, तर ३५ मिलिसेकंद तिथेच गेले. जुळल्यावर दोन्ही ट्रॅक सारख्या आवाजात लावून डग्गा ऐका. तो पातळ झाला असेल, तर एका ट्रॅकला ‘इन्व्हर्ट’ (लाट उलटी करणारी सोय) लावून पुन्हा ऐका आणि ज्यात डग्ग्याला वजन येतं ते ठेवा.

आता विहिरीचं. मिक्सरच्या फाइलमध्ये फक्त माइकसमोरचा आवाज आहे. फोनच्या फाइलमध्ये सभागृह आहे : भिंतींचा घुमारा, पंखे, कुणाचा खोकला, कुणाची ‘क्या बात है’. तुमच्या जोडणीत हे सभागृह सहा मिनिटांपुरतं अचानक उगवतं आणि तसंच नाहीसं होतं. कानाला खटकतं ते हे. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं : फोनचा ट्रॅक फक्त खिंडारापुरता वापरू नका, पहिल्या षड्जापासून शेवटच्या टाळीपर्यंत मिक्सरच्या खाली चालू ठेवा, साधारण १२ ते १५ डेसिबल खाली. नुसती मिक्सरची फाइल तशीही कोरडीच वाटते. खिंडार यायच्या दोन आवर्तनं आधीपासून फोन हळूहळू वर आणा आणि मिक्सर समेच्या ठोक्याच्या अगदी आधी, ३०-४० मिलिसेकंदांच्या छोट्या फेडने, म्हणजे आवाज उतरवत नेत, सोडा. समेवर पडलेला ‘धा’ ती जोड झाकून टाकतो. बाहेर पडतानाही तसंच, सम गाठूनच. फोनच्या तुकड्यात ४०० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी केले, की उरलेला घुमारा बराच निवळेल.

टाळ्यांवर जोड द्यायची असेल, तर तिथे फेड लांब हवा, चार-पाच सेकंदांचा. सरळ रेषेचा क्रॉसफेड (एक ट्रॅक उतरवताना दुसरा चढवणं) टाळ्यांना चालत नाही. मध्यावर आवाज ३ डेसिबल बसतो आणि दाद ओसरल्यासारखी वाटते. तिथे समान शक्तीचा, बाहेर फुगलेला वक्र निवडा.

मागच्या वर्षीची तान मात्र बसवू नका. तंत्राची अडचण आहेच : तानपुरा तेव्हा १० सेंट (एका अर्धस्वराचा दहावा भाग) वर लागला असेल, तर ती तान यंदाच्या तानपुऱ्यावर बोचत राहील, आणि लयही नेमकी तीच नसणार. पण तंत्राने हे सगळं जमलं, तरी मी करणार नाही. त्या तानेच्या आधी गुरुजींनी काय बांधत आणलं होतं, तबलजीने काय सुचवलं होतं, यातून ती आली. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेचं गाणं आणि कालिदास कलामंदिरातलं गाणं, गायक एकच असला तरी वेगळं होतं, हे नाशिककरांना मी काय सांगावं! मागच्या वर्षीची अख्खी बंदिश शेवटी स्वतंत्र जोडा आणि वर वर्ष लिहा. ऐकणाऱ्याला दोन्ही मिळतील. फोनच्या तुकड्याचाही उल्लेख करा.

शिष्यांत वाटण्याआधी गुरुजींबरोबर साथीदारांनाही विचारा. सादरकर्त्याचा हक्क आपल्या कॉपीराइट कायद्यात ५० वर्षांचा आहे आणि तबलजीही सादरकर्ताच.

फोनची एम४ए फाइल दुसऱ्या कुठल्या संगणकावर उघडली नाही, तर तिथे एफएफएमपेग हे ऑडॅसिटीला जोडायचं सॉफ्टवेअर बसवून घ्या. सगळं काम वेव्ह (डब्ल्यूएव्ही, आवाज न दाबता साठवणारी फाइल) मध्ये करा, एमपी३ फक्त वाटायच्या प्रतीसाठी, तीही एकदाच. आणि पेन ड्राइव्हवरची मूळ फाइल पुसू नका. तुटलेली असली तरी ती तशीच दोन ठिकाणी ठेवा.